कन्सोलच्या टूल्सचं काम, ब्रिस्टल आणि बडोद्यातली तयारी

बडोद्यात मकरपुऱ्याला फर्मवेअर (यंत्राच्या आतल्या चिपवर चालणारा कोड) लिहिणाऱ्या माणसाला ब्रिस्टलमध्ये गेम कन्सोलची डेव्हलपमेंट टूल्स बनवणारी कंपनी घेईल का, की आधी इथे येऊन गेमिंगमध्ये मास्टर्स करावं, असं तू विचारलंस. मास्टर्ससाठी कर्ज काढू नकोस, असं माझं ठाम मत आहे.

गेम बनवणं वेगळं आणि तो बनवणाऱ्यांना कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा), लिंकर (त्याचे तुकडे जोडणारा), डीबगर (चालू कोडमधल्या चुका शोधायला मदत करणारा) पुरवणं वेगळं. कोड लिहिला जातो विंडोजच्या पीसीवर, चालतो शेजारच्या डेवकिटवर, म्हणजे डेव्हलपरांसाठीच्या खास कन्सोलवर, आणि डीबगर नेटवर्कवरून त्या किटला जोडलेला असतो. तू बोर्डाला जेटॅग (चिपच्या आत डोकावायची जोडणी) लावून रोज करतोस ते काम याच जातीचं आहे.

ब्रिस्टलच्या एसएन सिस्टिम्स या टूल्स बनवणाऱ्या कंपनीचंच बघ. 1988 मध्ये अँडी बेव्हरिज आणि मार्टिन डे या दोन प्रोग्रामरांनी ती सुरू केली. पहिल्या प्लेस्टेशनचं किट सोनीच्या महागड्या वर्कस्टेशनवर चालायचं. या दोघांनी सायग्नोसिस या गेम कंपनीबरोबर ते काम साध्या पीसीवर आणून दाखवलं आणि सोनीने ते स्वीकारलं. 2005 मध्ये सोनीने कंपनीच विकत घेतली.

कन्सोलचं एसडीके, म्हणजे त्यासाठी गेम बनवायचा टूल्सचा संच, गुप्ततेच्या कराराशिवाय हाती येत नाही, त्यामुळे ते घरी शिकता येत नाही. पण प्लेस्टेशन 4 पासून कंपायलरचा पाया क्लँग आणि एलएलव्हीएम हे कंपायलर प्रकल्प आहेत, आणि त्यांचा सगळा कोड उघडा आहे. ऑप्टिमाइझ केलेल्या कोडमध्ये डीबगर व्हेरिएबलची किंमत दाखवत नाही, हा त्रास तुला माहीत आहेच. ही डीबग माहिती किती टिकते हे मोजणारं डेक्स्टर हे टूल एसएननेच एलएलव्हीएमला दिलं. तिथूनच सुरुवात कर. आधी एखादा बग पुन्हा घडवून दाखव, मग छोटा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठव. परीक्षण करणारे कडक असतात, पण तुझं काम तिथे सगळ्यांना वाचता येतं. कंपायलरच्या नोकरीसाठी याहून चांगली ओळख मला तरी माहीत नाही.

ब्रिटनच्या नोकरीच्या व्हिसासाठी स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस घ्यायचा सरकारी परवाना) असलेली कंपनीच लागते. एजंटला पैसे देऊ नकोस. जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर या व्हिसाचा सर्वसाधारण किमान पगार वर्षाला 41,700 पौंड आहे, आणि त्या कामाचा ठरलेला दर जास्त असेल तर तो लागू होतो. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. टीबीची तपासणी भारतातच करून घ्यावी लागते. नियम सारखे बदलतात, अर्ज करताना सरकारी साइट स्वतः वाच.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. दांडिया बाजारातलं घर बंद करून आई-बाबांना पुढे कायमचं इकडे आणू, असा विचार असेल तर तो आत्ताच तपासून बघ. प्रौढ आश्रितांचे नियम इतके कडक आहेत की धडधाकट आई-वडिलांना तो व्हिसा मिळत नाही. ते पाहुणे म्हणून येऊ शकतात, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. हे त्यांच्याशी ऑफर यायच्या आधी बोल.

पहिला पॅच तयार झाला की पाठव, मी ओळ न् ओळ वाचून सांगेन.