१६८३ची फोंड्याची लढाई नक्की कोण जिंकलं?

तुम्ही विचारलंय की फोंड्याला संभाजी महाराज जिंकले, तर मग गोवा पोर्तुगीजांकडे कसा राहिला. मी फोंडा तालुक्यातलाच. घरी हा विषय निघाला की जेवण गार होतं, तरी थोडक्यात सांगतो.

तेव्हा फोंडा 'गोव्यात' नव्हताच. पोर्तुगीजांकडे तिसवाडी, बार्देश आणि साष्टी एवढंच होतं. जुवारी नदीच्या अलीकडे अंत्रूज महाल, म्हणजे फोंड्याचा मुलूख, आदिलशाहीचा, आणि १६७५ साली शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतल्यापासून मराठ्यांचा. म्हणजे पोर्तुगीजांच्या राजधानीपासून शत्रूचा किल्ला नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर म्हणा ना.

१६८३ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला. तो ढिला पडावा म्हणून गोव्याचा विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन दुर्भाटला उतरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला फोंड्यावर तोफा डागू लागला. तटाला खिंडार पडलं. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. शिबंदी थोडी, पण त्यांनी किल्ला सोडला नाही. तेवढ्यात संभाजी महाराज कुमक घेऊन आले आणि विजरईला दुर्भाटच्या वाटेने माघार घ्यावी लागली. कृष्णाजी जखमांनी गेला.

लोक रंगवून सांगतात ते पुढचं. त्याच महिन्यात मराठे ओहोटी साधून रात्री जुवे बेटावर उतरले. विजरई धावून आला आणि जखमी होऊन, चिखलापाण्यातून जेमतेम जीव वाचवून परतला. पाठलागात महाराजांचा घोडा भरतीत सापडला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, असं बखरीत येतं. विजरईने तर जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड संताच्या हाती दिला, की आता तूच सांभाळ. मजेदार आहे खरं, पण माझ्या मते खरी लढाई फोंड्याचीच. ते खिंडार लढलं गेलं नसतं, तर जुव्यापर्यंत जायची वेळच आली नसती.

मग गोवा का राहिला? मोगलांमुळे. मराठे साष्टी-बार्देशात शिरले होते, पण औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला. दोन्हीकडून कोंडी होण्याआधी, १६८४च्या सुरुवातीला महाराज मागे फिरले. यात संताचा चमत्कार शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावा, मला तरी त्यात रामघाटच दिसतो.

फोंडा मात्र पोर्तुगीजांना मिळाला नाही. १७५६ साली आणखी एक विजरई, कोंद द आल्व्हा, फोंडा घ्यायला आला आणि इथेच मारला गेला. ऐन पावसाळ्यात, जूनच्या अखेरीस! कोणी सल्ला दिला होता देव जाणे. शेवटी १७६३ला, हैदर अलीने सोंधेकरांचं (कर्नाटकातल्या सोंध्याच्या राजांचं) राज्य गिळलं त्या धांदलीत, पोर्तुगीजांनी फोंडा घेतला.

या मधल्या ऐंशी वर्षांचं मोल बघायचं तर मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा बघा. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा हे देव नदी ओलांडून अंत्रुजात आले होते. १६८३ला किल्ला पडला असता तर त्यांना पुन्हा कुठे हलवलं असतं, घाटावर?