टेक्सासमध्ये तेलविहिरीतून निघणारं खारं पाणी कोणाचं: जमीनमालकाचं की तेल कंपनीचं?

करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर कंपनीचं. पाणी घेणारी कॅक्टस वॉटर विरुद्ध तेल कंपनी सीओजी या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये तसा निकाल दिला. गोंधळ होतो कारण तिथे भूजलावर जमीनमालकाची मालकी असते. पण तेलाबरोबर वर येणारं पाणी, म्हणजेच 'उत्पादित पाणी', हे तेल-वायूचा कचरा मानलं गेलं. त्यामुळे ते लीजबरोबरच (जमीनमालकाने कंपनीला तेल-वायू काढायला दिलेला करार) कंपनीकडे जातं आणि विल्हेवाटीची जबाबदारीही कंपनीवर येते. या प्रकरणात जमीनमालकांनी ते पाणी नंतर कॅक्टसला करारानं दिलं होतं, पण सीओजीचं लीज आधीचं असल्यामुळे देण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. म्हणून हक्क राखायचा असेल तर लीजवर सही करण्यापूर्वीच 'उत्पादित पाणी' हे शब्द स्पष्ट घालून घ्या. नुसतं 'पाणी' लिहून भागत नाही. पाण्यातल्या लिथियमचंही कलम वेगळं करा.

नियमनाचं म्हणाल तर पाणी परत जमिनीत सोडायला रेलरोड कमिशनचा (नावात रेल्वे असली तरी टेक्सासची तेल-वायू नियामक संस्था) परवाना लागतो. तेल-वायू उत्पादन नसलेल्या थरात सोडायचं असेल तर डब्ल्यू-14, उत्पादक थरात असेल तर एच-1 हा अर्ज. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत पाणी सोडण्याच्या या विहिरी 'क्लास 2' मध्ये मोडतात. केसिंग (विहिरीच्या आतलं पोलादी नळीचं अस्तर) गळलं तर खारं पाणी गोड्या पाण्याच्या थरात शिरतं, म्हणून साधारणपणे दर 5 वर्षांनी दाबचाचणी घ्यावीच लागते. पर्मियन खोऱ्यातल्या (पश्चिम टेक्सासमधला मोठा तेलपट्टा) अशा पाण्यात लिटरमागे 1 लाख मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार सर्रास सापडतात. समुद्रात सुमारे 35 हजार असतात. एवढं खारं पाणी शेतात सांडलं तर ती माती वर्षानुवर्षं सुधारत नाही, तेव्हा गळतीच्या भरपाईचं कलम अजिबात सोडू नका.