निवेदकच लबाड निघाला तर ती वाचकाची फसवणूक नाही का? आणि असा निवेदक लिहायचा कसा?

नाही. बहुतेक वेळा पुस्तकाने सगळं सांगितलेलं असतं, आपण घाईत पुढे गेलेलो असतो. (अशा निवेदकाला 'अविश्वसनीय' म्हणतात, पण तो शब्द क्रिकेटच्या खेळीला शोभतो. मी 'बेभरवशाचा' म्हणतो.)

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) घ्या. गोष्ट सांगणारे गावचे डॉक्टर शेपर्ड, आणि खुनीही तेच. 'ही चीटिंग आहे' अशी ओरड तेव्हापासून चालू आहे. आता चौथं प्रकरण काढा. नोकर पत्र आणतो तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी असतात. डॉक्टर अ‍ॅक्रॉइडच्या (ज्याचा खून होतो त्याच्या) खोलीतून निघतात तेव्हा नऊला दहा कमी, आणि पत्र अजून वाचायचंच राहिलेलं. दाराच्या मुठीवर हात ठेवून ते मागे वळून बघतात, काही करायचं राहिलं तर नाही ना, म्हणून. राहिलेलं काही आठवत नाही.

झालं. खून त्या दोन वेळांच्या मधे उरकलाय आणि एकही शब्द खोटा नाही. वेळा छापलेल्या आहेत, वजाबाकी आपण केली नाही. पुढे ते फाटकाशी पोचतात तेव्हा चर्चच्या घड्याळात नऊचे टोले पडतात. वाट पाच मिनिटांची, लागली दहा. तपास करणारा गुप्तहेर पोयरो नेमका तिथेच अडतो. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर स्वतःच फुशारकी मारतात, की पत्र आल्याच्या त्या वाक्यानंतर फुल्यांची एक ओळ टाकली असती तर कुणी त्या दहा मिनिटांचा विचार केला असता का! ही हकीकत ते लिहीत का होते, त्यालाही कारण आहे: पोयरोच्या एका अपयशाची गोष्ट म्हणून पुढेमागे छापायची होती. नवे लेखक हेच विसरतात. लबाड माणूस उगाच दोनशे पानं लिहीत बसत नाही, त्याला कुणाला तरी काहीतरी पटवायचं असतं.

मराठीत लिहिणार असाल तर आधी क्रियापदांशी झटापट आहे. 'मी गेलो' म्हटलं की निवेदक पुरुष ठरला. 'मी जाते' म्हटलं की बाई. इंग्रजीत हे शेवटपर्यंत झाकता येतं. आपल्याकडे 'मी पत्र वाचलं', 'मला उशीर झाला' अशा वाक्यांवर दिवस काढावे लागतात, आणि एक 'बसलो' निसटला की संपलं. उलट कर्ता गायब करायला मराठीसारखी सोय नाही. 'कप फुटला.' 'बोलता बोलता हात उठला.' 'व्हायचं ते झालं.' घराघरांत गुन्हे असेच सांगितले जातात. अशी वाक्यं विखरून टाका, पण एका पानावर दोन नकोत, लगेच वास येतो.

दुसऱ्यांचं बोलणं मात्र अवतरणचिन्हांतच द्या, निवेदकाच्या शब्दांत गोळा करू नका. तो म्हणतो, 'आई मला काही रागावलेली वाटली नाही.' पुढच्याच ओळीत आई म्हणते, 'ताट उचल आणि जा.' वाचकाला पडताळायला एवढी फट पुरते. ही फट पहिल्या पाव भागातच हवी. शेवटच्या पानावर 'तो वेडा होता' किंवा 'ते स्वप्न होतं' असं उघड करणं म्हणजे आळस, त्याला तंत्र म्हणू नका. खर्डा झाला की निवेदकाचं प्रत्येक विधान तपासा. लपवलेलं कितीही चालेल, सरळ खोटं एकही नको.

राहिली फसवलं गेल्याची वाचकाची चीड. आपल्याकडे 'मी' दिसला की वाचक थेट लेखकाच्या घरी पोचतो. भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पेरत स्वतःचंच बोलणं सैल करत असतो, तरी 'हा नेमाडेच ना?' हा प्रश्न काही संपत नाही. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टबद्दल सांगतात, दोघंही खोटं बोलत नाहीत, तरी माणूस एक राहत नाही. तिथे कुणी चिडत नाही, कारण दुसरा 'मी' शेजारी उभा असतो. एकट्या 'मी'वर डोळे मिटून विसंबायची सवय आपली आहे, तिचं बिल लेखकाच्या नावे फाडू नका.

एक पुरवणी: निवेदक लहान मूल असेल, दारुडा असेल किंवा स्वतःलाच फसवत असेल, तर वरचा 'सरळ खोटं नको' हा नियम लागू नाही. त्याला जे खरं वाटतं ते तो बोलणारच. मग आजूबाजूच्या वस्तूंनी, वेळांनी, माणसांनी त्याला खोडून काढायला हवं.

आणि हो, अ‍ॅक्रॉइड वाचली नसेल तर खुनी मी सांगून टाकलाय, हे आधी लिहायला हवं होतं. तरी वाचाच, चौथं प्रकरण खुनी माहीत असताना जास्त रंगतं.