अकरावीतल्या लेकीच्या कोडिंग कोर्ससाठी सुकन्याचे पैसे काढू का?

सेलू तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ८९ टक्के, कम्प्युटर इंजिनिअर व्हायचं म्हणते. एका खासगी संस्थेची माणसं कॉलेजात आली आणि दीड वर्षाचा ‘कोडिंग आणि एआय’चा कोर्स सांगून गेली. शेवटी ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ मिळणार. फी ६८,००० रुपये, त्यातले २,००० बुकिंग म्हणून भरलेत. उरलेल्या ६६,००० साठी ताईंपुढं दोन वाटा आहेत: बारा महिने ५,५०० चा ‘बिनव्याजी’ हप्ता, नाहीतर सुकन्या समृद्धी खात्यात साठलेल्या १ लाख ६० हजारांतून रक्कम काढणं. घरी चार एकर कोरडवाहू सोयाबीन आणि ताईंचं शिलाईकाम, त्यातून महिन्याला दहाएक हजार सुटतात. त्या ओबीसी प्रवर्गातल्या आहेत. शेवटी लिहितात, “लेकरू शहरातल्या पोरांच्या मागं पडू नये एवढंच वाटतं.”

ताई, माझं मत आधी सांगतो. या कोर्ससाठी सुकन्याला हात लावू नका आणि हप्ताही घेऊ नका. पोरीच्या इच्छेला मात्र नाही म्हणू नका. तिच्यासाठी खर्च करायचाच आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी.

अशा कोर्सबद्दल माझा पहिला प्रश्न असतो, हे प्रमाणपत्र पुढं कोण मोजणार? महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो आणि तिथं एमएचटी-सीईटी किंवा जेईई या प्रवेश परीक्षांचे गुण चालतात. कोडिंगच्या प्रमाणपत्राला तिथं एकही गुण नाही, मग त्यावर कुठल्याही देशाचं नाव असो. काही प्रमाणपत्रांना ठरलेली किंमत असते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीत मिळतात. शासनमान्य टायपिंगची परीक्षा लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत लागते. एमएस-सीआयटी शासकीय नोकरीत संगणक ज्ञानाचा पुरावा म्हणून धरतात. तुम्हाला सांगितलेला कोर्स यातल्या कुठल्याच रांगेत बसत नाही.

आणि वेळ? सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. दीड वर्षाचा कोर्स म्हणजे ऐन बारावीतही आठवड्याचे काही तास तिकडं जाणार. कोर्समध्ये काही शिकवतच नसतील असं मी म्हणत नाही. पण तेवढे तास गणिताला दिले तर प्रवेशाच्या वेळी त्याचा उपयोग होईल.

आता हप्त्याचं पाहू. सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात, हप्ता मात्र दर महिन्याला जाणार. म्हणजे तो सगळा तुमच्या शिलाई मशीनवर पडणार, दहातले साडेपाच हजार. पाऊस लांबला किंवा लग्नसराई थंड गेली की आडत्याकडून उचल घ्यावी लागेल, आणि ती उचल बिनव्याजी नसते. दुसरी गोष्ट, हा हप्ता बहुतेक वेळा संस्थेचा नसतो. एखादी फायनान्स कंपनी तुमच्या किंवा तुमच्या यजमानांच्या नावावर कर्ज काढून संस्थेला एकरकमी पैसे देते. मुलीनं तीन महिन्यांत कोर्स सोडला तरी कर्ज चालूच राहतं. हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर बिघडतो आणि पीककर्जासाठी बँकेत गेल्यावर तो आडवा येऊ शकतो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं व्याज पडत नाही. अशी सोय या कोर्सपायी धोक्यात घालू नका. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं. त्यात खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची परवानगी देणं टाळा, असंही सांगितलं होतं.

सुकन्या खात्याचा नियम असा: मुलगी दहावी पास झाली की तिच्या शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तुमच्या हिशेबानं ८०,००० च्या आसपास. त्यासाठी प्रवेशाचा किंवा फीचा कागद लागतो, आणि खासगी क्लासची पावती पोस्टात चालेलच असं धरू नका. चालली तरी विचार करा. ८.२ टक्के दर टिकला तर आज काढलेल्या ६६,००० चे दहा वर्षांत १ लाख ४५ हजार झाले असते, तेही करमुक्त.

शिवाय हे पैसे दोन वर्षांनी खरंच लागणार आहेत. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुमची लेक यात बसते. पण खोली, मेस, लॅपटॉप, बसभाडं यात येत नाही. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात खोली आणि मेसचेच महिन्याला सात-आठ हजार सहज जातात. सुकन्याची निम्मी रक्कम त्या जूनसाठी राखून ठेवा. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत अर्ज करा.

तिला आत्ता काय द्यायचं? तिची आवड खरी आहे आणि ती जपायलाच हवी. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे प्रोग्रॅमिंगचे कोर्स फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा द्यायची, तिची फी साधारण हजार रुपये. शिकवणं इंग्रजीत आहे, सुरुवातीला जड जाईल, पण इंजिनिअरिंगला तेच इंग्रजी येणार आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक कोर्स पुरे. मोबाइलवर कोडिंग नीट होत नाही, म्हणून सोयाबीन विकून पैसे हातात आले की साधा लॅपटॉप घ्या. तो खर्च दोन वर्षांनी होणारच होता, आत्ता केला तर वापर तरी होईल. गणितात तिला खरी गोडी असेल तर सरांना ऑलिंपियाडबद्दल विचारा. पहिल्या टप्प्याची फी काहीशे रुपये असते, आणि निवड झाली नाही तरी त्या तयारीनं डोकं चालायला लागतं.

पैशाइतकीच मला तुमच्या कागदांची काळजी वाटते. फीमाफीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागेल आणि त्याचा अर्ज कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडं जातो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी, गावचा कोतवाल बुक उतारा, यातलं काय मिळतं ते शोधायला आपल्याकडं महिने जातात. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षी ताजं काढावं लागेल, पण वैधतेचं काम आजच सुरू करा. प्रवेशाच्या धांदलीत हा एक कागद नसला तर या कोर्सच्या फीपेक्षा जास्त पैसे भरावे लागू शकतात.

राहिले बुकिंगचे २,००० रुपये. ते लेखी अर्ज देऊन परत मागा आणि पोच घ्या. मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी, ते बुडतील या भीतीनं पुढचे ६६,००० भरू नका.