गुडघ्याचा विमा आहे असे समजून काढलेली पॉलिसी

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून करवीर तालुक्यात राहतो आणि व्यावसायिक रग्बी खेळतो. तीन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची आणि सात महिन्यांपूर्वी डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. संघाने यंदा करार वाढवला नाही. सध्या जिममध्ये प्रशिक्षक म्हणून महिन्याला १४ हजार मिळतात आणि घरात मी २० हजार देतो. बँकेत साडेसहा लाख आहेत. त्यातील सहा लाख स्मॉल कॅप फंडात (लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) एकरकमी टाकावेत, म्हणजे मित्राच्या म्हणण्यानुसार पाच वर्षांत दुप्पट होतील, की चुलतभावासोबत शहराबाहेर गुंठा घ्यावा? दुखापतीची काळजी नाही, कारण वर्षाला ७२ हजारांची पॉलिसी आहे. इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सन दुखापतींनंतर तीन वर्षांनी परतला, मीही परतेन.

उत्तर : तुमच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचे मला कारण नाही. फंड की गुंठा, या प्रश्नाचे उत्तर शेवटी थोडक्यात देतो, कारण तुमच्या पत्रातील खरी अडचण तुम्ही न विचारलेल्या वाक्यात आहे. पत्रासोबत पॉलिसीच्या प्रती पाठवल्यात हे फार बरे केले.

तुम्ही घेतलेली पॉलिसी ही एंडोमेंट, म्हणजे बचत आणि आयुर्विमा एकत्र बांधलेली योजना आहे. तिच्यात दुखापतीच्या उपचारासाठी एक रुपयाही नाही. जोडलेला रायडर, म्हणजे जादा संरक्षणाची पुरवणी, अपघाती मृत्यूचा आहे, आणि लिगामेंट तुटणे हा सुदैवाने मृत्यू नव्हे. डाव्या गुडघ्याचे एक लाख ऐंशी हजारांचे बिल तुम्ही स्वतःच्या खिशातून भरले, तेव्हा एजंटने "दाव्याची मुदत उलटली, पुढच्या वेळी बसेल" असे सांगितल्याचे तुम्ही लिहिता. पुढच्या वेळीही बसणार नाही, कारण जे संरक्षण विकत घेतलेलेच नाही त्याची मुदत उलटत नसते. हे त्या गृहस्थांना माहीत नसेल तर त्यांनी विमा विकू नये, आणि माहीत असेल तर त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

याहून गंभीर बाब प्रस्ताव अर्जाच्या दुसऱ्या पानावर आहे. व्यवसायाच्या रकान्यात "शेती" लिहिले आहे आणि "पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया झाली आहे काय" या प्रश्नापुढे "नाही" अशी खूण आहे. खाली सही तुमची आहे, अक्षर मात्र दुसऱ्याचे दिसते. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, परंतु त्याआधी महत्त्वाची माहिती लपवल्याचे आढळल्यास दावा नाकारता येतो. तुमची पॉलिसी दोन वर्षांची आहे. म्हणजे ज्या मृत्यूविम्यासाठी तुम्ही पैसे भरता, तोही आज अर्ध्या भरवशावर उभा आहे.

आता हिशेब पाहू. वर्षाला ७२ हजार, १२ वर्षे, म्हणजे ८ लाख ६४ हजार भरायचे आणि विसाव्या वर्षी, बोनस धरून, एजंटच्या कागदाप्रमाणे सुमारे १८ लाख मिळवायचे. हा परतावा पाच टक्क्यांच्या थोडा वर जातो. तीच रक्कम पीपीएफ या सरकारी बचत योजनेत सध्याच्या ७.१ टक्के दराने ठेवली असती तर सुमारे २४ लाख झाले असते. दोन हप्ते भरून झाले आहेत म्हणून आता पुढे रेटावे, असे तुम्हाला वाटेल. पॉलिसी आज बंद केली आणि भरलेल्या १ लाख ४४ हजारांपैकी निम्मेच परत आले असे धरू. ते ७२ हजार आणि उरलेले दहा हप्ते पीपीएफमध्ये गेले, तर त्याच तारखेला साधारण २१ लाख जमतात. तोटा सोसूनही तीन लाख जास्त. दर बदलत राहतील, पण फरकाची दिशा बदलणार नाही. शिवाय महिना १४ हजार कमावणाऱ्याने वर्षाला ७२ हजार बांधून घेणे मुळातच अवघड आहे. ज्या वर्षी करार मिळणार नाही त्या वर्षी पीपीएफचे खाते ५०० रुपयांत चालू राहते, पॉलिसीचा हप्ता मात्र पूर्ण मागितला जातो.

विल्किन्सनविषयी. २००३ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील त्या विजयी ड्रॉप गोलनंतर (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या किकनंतर) दुखापतींमुळे तो इंग्लंडकडून थेट २००७ मध्ये खेळला आणि परतल्यावर स्कॉटलंडविरुद्ध त्याने २७ गुण मिळवले, हे खरे आहे. पण त्या सगळ्या काळात तो न्यूकॅसल या व्यावसायिक क्लबच्या करारात होता. तुमचा करार हंगामापुरता असतो, आणि तोही यंदा नाही. त्याची चिकाटी तुम्ही जरूर घ्या, पण तिच्याखाली असलेला पगार तुमच्याकडे नाही, हे धरूनच योजना करावी लागेल. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर राजाराम कॉलेजात शिकलेल्या कुस्तीगीर खाशाबा जाधवांचे घ्या. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्यामुळे ते १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊ शकले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्यानंतरची उपजीविका मात्र पोलीस खात्यातील नोकरीवर झाली, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांनाही झगडावे लागले.

म्हणून आधी दुखापतीची तरतूद. स्वतंत्र आरोग्य विमा आत्ताच घ्या आणि अर्जात दोन्ही शस्त्रक्रिया व रग्बी स्पष्टपणे लिहा. अर्ज स्वतःच्या हाताने भरा. जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते, त्यामुळे गुडघ्यांचा खर्च लगेच मिळणार नाही, परंतु ते घड्याळ आज सुरू झालेले बरे. आयुष्याच्या संरक्षणासाठी ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ मृत्यूविमा, पुरेसा आहे. दोन्ही मिळून वर्षाला पंधरा-अठरा हजारांत बसावे, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. वैयक्तिक अपघात विमा घेताना व्यावसायिक खेळातील दुखापत वगळली आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या, कारण अनेक पॉलिसींत ती वगळलेली असते. पुढचा करार मिळालाच तर सही करण्यापूर्वी उपचार, पुनर्वसन आणि दुखापतीच्या काळातील मानधन कोण देणार, हे करारात लिहून मागा. तोंडी आश्वासनावर एक शस्त्रक्रिया तुम्ही भरून झाला आहात.

साडेसहा लाखांपैकी २ लाख ४० हजार हा वर्षभराचा घरखर्च आणि दोन लाख गुडघ्यांसाठी, अशी रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ती पतसंस्थेत नेऊ नका, कारण पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. उरलेल्या दोन लाख दहा हजारांतून विम्याचे हप्ते भरा आणि प्रशिक्षकाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करा. माझ्या मते सध्या तुमची सर्वांत चांगली गुंतवणूक हीच आहे. राज्यातील शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तुमची प्रमाणपत्रे त्यासाठी ग्राह्य धरली जातात का, हे क्रीडा उपसंचालक कार्यालयात जाऊन पडताळून घ्या, आणि वयोमर्यादा ओलांडण्याआधी घ्या.

आता मूळ प्रश्न. स्मॉल कॅप फंड नको. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी १५ टक्के, आणि २०१८ च्या सुरुवातीपासून मार्च २०२० पर्यंत याच शेअरांचे निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरले होते. तिसरी शस्त्रक्रिया अशाच वेळी आली तर निम्म्या किमतीला विकावे लागेल. गुंठाही नको. सातबाऱ्यावर चुलतभावासोबत सामाईक नाव लागले की तो विकायला दोघांची संमती लागेल, आणि रुग्णालय तितके थांबत नाही. नियमित उत्पन्न सुरू झाल्यावर निर्देशांक फंडात (बाजाराच्या निर्देशांकातील सर्व शेअर घेणाऱ्या फंडात) दरमहा दोन-तीन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरावीक रकमेची मासिक गुंतवणूक, करा.

तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी कंपनीच्या शाखेत अर्ज देऊन सरेंडर मूल्य (आज बंद केल्यास परत मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी ठेवल्यास उरणारी विमा रक्कम) हे दोन्ही आकडे लेखी मागवा, अर्जाची पोच घ्या, आणि टर्म विमा हातात पडल्यावरच पॉलिसी बंद करा. एजंट घरी आले तर चहा द्या, सही देऊ नका.