कोयनेइतकंच पाणी, मग वीज एवढीशी का?

प्रश्न : मुलांना घेऊन पैठणला गेलो होतो. जायकवाडीत जवळजवळ कोयनेइतकंच पाणी मावतं, पण वीज फक्त 12 मेगावॉट. असं का? शिवाय धरण मातीचं, आणि पायथ्याच्या चारीत पाणी झिरपताना दिसलं. तेव्हापासून घरात धास्ती आहे.
– एक वाचक, शेवगाव

उत्तर : धास्तीचं आधी सांगतो. माझी 26 वर्षांची नोकरी मातीच्या धरणांवर झाली, आणि अजिबात न झिरपणारं मातीचं धरण मी पाहिलेलं नाही. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर. गाभ्यातून येणारं थोडं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून चारीत काढून देतात. ही सोय मुद्दाम केलेली असते. चारीत व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवतात. खाचेतल्या पाण्याची उंची पट्टीवर वाचली की झिरपा किती ते कळतं.

पण आकड्याहून महत्त्वाचा पाण्याचा रंग. आम्ही रोज सकाळी काचेची बाटली भरून उन्हाकडे धरायचो. नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ असेल तर गाभ्याची माती सुटतेय. एका लहान तलावावर ऐन पावसाळ्यात बाटलीच्या तळाला काळा साका बसलेला दिसला. आम्ही रात्रभर त्या झऱ्यावर आधी वाळू, मग खडी, वर दगड असं रचत राहिलो. पहाटे पाणी निवळलं, तेव्हा कुठे आम्ही खाली बसलो. तुमच्या चारीतलं पाणी कसं होतं ते पत्रात नाही. पुन्हा गेलात तर तेवढं बघा, आणि गढूळ वाटलं तर चौकीवर लगेच सांगा.

मातीचंच का, तर गोदावरीचं खोरं तिथे सपाट, पसरट आहे. बांध जवळजवळ 10 किलोमीटर लांब. एवढा दगडात बांधायचा तर खर्च पेलणारा नव्हता, आणि माती-मुरूम हाताशी होता. मातीवरून मात्र पाणी कधी वाहू द्यायचं नसतं, म्हणून 27 दरवाज्यांचा सांडवा तेवढा पक्क्या दगडी बांधकामात आहे.

आता वीज. कोयनेत 105 टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, 102. पण वीज नुसत्या साठ्यातून येत नाही, पाणी किती उंचावरून पडतं त्यातून येते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरतं, पावणेपाचशे मीटरच्या आसपास. पैठणला ही उंची फार तर धरणाच्या उंचीएवढी. 30 मीटर धरून हिशेब करा. कोयनेत साधारण हजार लिटर पाण्यात एक युनिट निघतं, पैठणला त्यालाच चौदा-पंधरा हजार लिटर लागतात. तिकडे 1,960 मेगावॉट आणि इकडे 12, यामागचं मोठं कारण हे; उरलेला फरक एका वेळी यंत्रांतून किती पाणी सोडतात त्याचा.

यात जायकवाडीचं काही उणं आहे असं मला कधीच वाटलं नाही. हे धरण मराठवाड्याच्या रानासाठी बांधलं. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. तरी मुलांना एक गोष्ट जरूर सांगा : पैठणचं यंत्र उलटंही फिरतं. विजेची गरज असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची आणि वीज शिल्लक असते तेव्हा खाली अडवलेलं तेच पाणी पुन्हा नाथसागरात चढवायचं, अशी त्याची रचना आहे.