कोंबडी कापायला कात्री कोणती घ्यावी आणि हाडावर ती फाकते कशामुळे?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. घरातल्या साध्या किचन कात्रीने अख्खी कोंबडी कापताना हाडावर पाती फाकतात, मधे कातडी दुमडून अडकते आणि हात दुखून येतो, हा पहिला. आणि त्यासाठी वेगळी पोल्ट्री शीअर्स, म्हणजे पक्षी कापायची खास कात्री, घ्यावी का, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: खिळ्यात. जिथे दोन पाती एकमेकांना जोडलेली असतात, तिथे. घेताना बहुतेक जण पात्याची धार बघतात. ती चुकीची जागा आहे, कारण नवी असताना प्रत्येक कात्री धारदारच असते.

हाडावर किती जोर पोचतो हे मनगटापेक्षा हाड पात्यावर नेमकं कुठे धरलंय त्यावर ठरतं. समजा तुमची मूठ खिळ्यापासून १० सेंटिमीटरवर दाबली जातेय. हाड पात्याच्या टोकाकडे, खिळ्यापासून ८ सेंटिमीटरवर असेल तर हाताचा जोर जेमतेम सव्वा पट होऊन पोचतो. तेच हाड २ सेंटिमीटरवर आणलं की पाच पट. म्हणजे तोच हात, तीच कात्री आणि चौपट फरक. पोल्ट्री शीअर्सची पाती आखूड आणि मुठी लांब का असतात, ते यातून कळतं. खिळ्याजवळ एका पात्याला जी अर्धगोल खाच असते तीही याचसाठी. गोल हाड दाबलं की पुढे, टोकाकडे निसटायला बघतं. खाच त्याला जास्तीत जास्त जोर असलेल्या जागी धरून ठेवते. खाच नसेल तरी काम होतं, पण हाड दर वेळी मुद्दाम खोलवर घ्यावं लागतं.

पाती फाकण्याचं कारणही खिळाच. कात्री कापते ती दोन पाती एकमेकांना घासून गेली तरच. मधे केसाएवढी फट पडली की कातडी कापली जाण्याऐवजी पात्यांच्या मधे आडवी दुमडते. फट पडते ती खिळा सैल झाल्यामुळे किंवा हाडात अडकलेली कात्री डावी-उजवीकडे पिळल्यामुळे. ही दुसरी सवय सगळ्यात वाईट. अडकली की पिळायची नाही. उघडायची, मागे घ्यायची आणि पाऊण सेंटिमीटर बाजूला पुन्हा लावायची.

आता निवडीबद्दल. महिन्यातून एखादी कोंबडी आणायची आणि तीही मोठ्या चार-सहा भागांत करायची असेल, तर २०-२२ सेंटिमीटर लांबीची, जाड पात्यांची, सरळ किचन कात्री पुरते. वेगळी घ्यायची गरज नाही. दर आठवड्याला अख्खा पक्षी कापत असाल तर २४-२५ सेंटिमीटरची, वळणदार पात्यांची, स्प्रिंगची कात्री घ्या. पात्याचं वळण शोभेचं नसतं. त्यामुळे कण्याला लागून कापताना मूठ पक्ष्याच्या वर राहते आणि बोटांचे सांधे फळीवर घासत नाहीत.

स्प्रिंग दोन प्रकारची. मुठींच्या मधे उघडी दिसणारी गुंडाळी, किंवा खिळ्याच्या पोटात लपवलेली. उघड्या गुंडाळीत चरबी आणि हाडाचा भुगा अडकतो, पण तो निदान दिसतो आणि ब्रशने निघतो. लपवलेली दिसायला नीटस, आत काय साचलंय ते कळायला मार्ग नाही. मला उघडी बरी वाटते. स्प्रिंग फार कडक नसावी: प्रत्येक दाबाला आधी तिला हरवायचं आणि मग हाड कापायचं, असं झालं तर दुसऱ्या कोंबडीपर्यंत अंगठ्याचं मूळ भरून येतं. दुकानात कात्री लागोपाठ वीस वेळा उघड-मीट करून बघा. स्प्रिंगने पूर्ण उघडल्यावर दोन्ही मुठी एका हातात आरामात आल्या पाहिजेत. लहान हाताला मोठी कात्री इथेच नडते.

पाती सुटी होणारी असावी की नसावी यावर मतं वेगळी आहेत. माझं सांगतो: कच्च्या मांसाला लागणारी कात्री सुटी होणारीच घ्यावी, कारण घाण साचते ती बरोबर दोन पात्यांच्या मधे, जिथे काहीच पोचत नाही. पण ती खूप रुंद, जवळजवळ काटकोनाच्या पलीकडे उघडल्यावरच सुटली पाहिजे. नेहमीच्या उघडझापीत लटलटत असेल किंवा मधेच निसटत असेल तर ती परत ठेवा. स्क्रू-नटाची असेल तर नट आवळता येतो हा मोठा फायदा आहे. रिव्हेट मारलेली, म्हणजे खिळा ठोकून कायमचा बसवलेली, मात्र घेऊ नका. ती सैल झाली की संपली.

एका पात्याला बारीक दाते असलेले बरे. चरबीने माखलेली कातडी गुळगुळीत पात्यांवरून पुढे सरकते, दाते तिला जागेवर धरतात. पोलादावर १.४११६ असा आकडा कोरलेला दिसला तर ते सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं जर्मन प्रमाणाचं स्टेनलेस, या कामाला अगदी योग्य. फार कडक पोलाद इथे उलट नडतं, हाडावर धारेचे टवके उडतात. मुठींना लॉक हवंच, नाहीतर खणात स्प्रिंगची कात्री सतत आ वासून पडलेली असते.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘दोन्ही हातांसाठी’ असं लिहिलेलं बहुतेक वेळा फक्त मुठींबद्दल असतं. पाती कुठली वर, कुठली खाली, हे उजव्या हाताच्याच हिशेबाने असतं. उजवा हात दाबताना नकळत पाती जवळ ढकलतो, डावा हात त्याच कात्रीत ती लांब ढकलतो. डावखुऱ्याची कात्री कातडीवर फाकते ती बऱ्याचदा यामुळे.

आता प्रत्यक्ष कापणं. पक्षी पूर्ण वितळलेला हवा. अर्धवट गोठलेलं हाड कापत नाही, त्याच्या चिपा उडतात आणि कात्रीचा खिळा जातो. फ्रिजमधून नुकता काढलेला, थंडगार असेल तर उत्तम, कातडी घट्ट राहते. धुऊ नका, धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंक आणि ओट्यावर पसरतात. कागदी रुमालाने आतून-बाहेरून कोरडा पुसा, मुठीही पुसा. फळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे ती सरकत नाही.

सगळ्यात उपयोगी काम म्हणजे कणा काढणं, कारण एकदा तो निघाला की बाकी सगळं उघडं होतं. छाती खाली, पाठ वर, शेपटाचं टोक तुमच्याकडे. मोकळ्या हाताने शेपूट धरा आणि कण्याच्या मधल्या रेषेपासून एक-दीड सेंटिमीटर बाजूला, बोथट टोकाचं पातं पोकळीत सारा. पातं आतून हाडाला लागून ठेवा, पोकळीत मोकळं फिरू देऊ नका. जमेल तितकं खोल घाला, मग दाबा. पाती टोकापर्यंत पूर्ण मिटू नका. थोडी उघडी असतानाच पुढे सरकवली की काप सलग येतो. दर वेळी टोक मिटवलं की कातडीला करवतीसारखे कोपरे पडतात.

पहिले चार-पाच सेंटिमीटर मऊ जातात आणि मग कात्री अडते. तिथे मांडीचा सांधा आहे. बहुतेकांची कात्री इथेच बिघडते, कारण ते जोर वाढवतात. अडली याचा अर्थ तुम्ही कण्यापासून लांब गेलात आणि पात्यात मांडीच्या हाडाचा गोळा आलाय. अर्धा सेंटिमीटर कण्याकडे या, कमरेचं पातळ हाड लागेल, ते खाचेजवळ घेतलं की जातं. कण्याला चिकटून कापण्याचा आणखी फायदा म्हणजे मांडीच्या वर कण्याच्या दोन्ही बाजूंना खोलगटात बसलेले मांसाचे दोन छोटे गोळे मांडीबरोबर राहतात. पक्ष्यातलं सर्वांत रसदार मांस तेच, आणि घाईत ते कण्याबरोबर निघून जातं.

पुढे बरगड्या: कट, कट, कट, आवाजावरूनच कळतं. शेवटी मानेजवळ पुन्हा जोर लागतो, तिथे खांद्याची हाडं एकत्र येतात. हाड खिळ्यापर्यंत आत घ्या आणि दोन्ही हातांनी दाबायला लाजू नका. दुसरी बाजू पहिलीपेक्षा अवघड जाते, कारण पक्ष्याला आता आधार उरलेला नसतो. पक्षी फिरवून मानेकडून शेपटाकडे कापलं तर पुष्कळांना सोपं पडतं. निघालेला कणा रश्शासाठी ठेवा. त्याच्या खालच्या भागात चिकटलेले गडद लाल, मऊ गोळे म्हणजे मूत्रपिंडं, ती खरवडून टाकली तर रस्सा कडवट होत नाही.

पक्षी सपाट करायचा असेल तर उलटा, छातीच्या हाडावर तळहाताची टाच ठेवा आणि वजन टाका, कडकन आवाज येईल. येत नसेल तर आतल्या बाजूने, मानेकडच्या टोकाला कात्रीने एक छोटी चीर द्या आणि पुन्हा दाबा. दोन भाग करायचे तर छातीच्या हाडाच्या अगदी बाजूने कापा, त्याच्या मधून नाही. कोवळ्या कोंबडीत या हाडाचं टोक अजून कूर्चाच असतं, सहज वाकतं. वयस्क पक्ष्यात त्याचं हाड झालेलं असतं आणि तिथे कात्री नाही, जड सुराच हवा. मोठ्या टर्कीच्या कण्यालाही तोच न्याय.

कात्री कुठे वापरायची नाही हे तितकंच महत्त्वाचं. मांडीचं आणि तंगडीचं लांब हाड मधून कापू नका. ही हाडं नळीसारखी असतात. कात्री ती कापत नाही, चिरडते, आणि सुईसारखे तुकडे मांसात राहतात. जेवताना घशाला लागतात ते हेच. अशी हाडं सांध्यातून वेगळी करायची. तंगडी आणि मांडीच्या मधे आतल्या बाजूला चरबीची एक पांढरी रेघ दिसते, सांधा तिच्या आसपासच असतो. कातडी कात्रीने कापा, पाय उलटा वाकवून सांधा निखळवा, मग मधला पांढरा दोरखंड सुरीने किंवा कात्रीच्या मुळाने तोडा. पंखाचंही तसंच. हाड लागलं असं वाटलं तर जोर नाही, जागा बदला.

मोकळा हात नेहमी पात्यांच्या मागे. पोकळीच्या आत बोटं घालून आधार द्यायचा मोह होतो, तो आवरा. जखमा फक्त पात्यानेच नाही, कापलेल्या बरगड्यांची टोकं टोचूनही होतात, आणि कच्च्या मांसाने झालेली जखम लवकर चिघळते. टोचलंच तर लगेच साबणाने धुवा.

काम संपल्याबरोबर कात्री सुटी करा, गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. खिळ्याचं भोक, खाच आणि दात्यांच्या फटी तीन मिनिटं घ्या. ब्लीचने निर्जंतुक करायची असेल तर एक लिटर पाण्याला सुमारे ४ मिलिलिटर बिनवासाचं, साधं ब्लीच, दोन-तीन मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पुसा. रात्रभर भिजत ठेवू नका. क्लोरीन आणि मीठ स्टेनलेसवरही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात, आणि ते सुरू होतात ते नेमके खिळ्यापाशी. डिशवॉशर चालतो असं लिहिलेलं असलं तरी हाताने धुतलेली कात्री जास्त वर्षं टिकते. पुसून झाल्यावर खिळ्याला खाद्य-दर्जाच्या मिनरल तेलाचा एक थेंब. स्वयंपाकाचं तेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं. आणि हीच कात्री लगेच कोथिंबिरीला लावायची नाही, हे लिहायला नको पण लिहितो.

धार गेली की आधी खिळा तपासा. ओला कागदी रुमाल मुळापासून टोकापर्यंत कापून बघा. सगळीकडे फाटत असेल तर धार गेलीय. एकाच ठिकाणी फाटत असेल तर तिथे टवका उडालाय. मुळाशी कापतो पण टोकाशी दुमडतो, तर नट सैल आहे. पाव फेरा आवळा आणि पुन्हा बघा, निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. धार लावायचीच झाली तर फक्त बाहेरच्या तिरप्या कडेवर, बारीक दगडाने, तिचा मूळ कोन तसाच ठेवून चार-पाच फेऱ्या. आतली सपाट बाजू कधीही घासायची नाही, तिथेच पाती एकमेकांना भेटतात. दात्यांच्या पात्याला हात लावू नका, गुळगुळीत पातं सुधारलं की दोन्ही चालू लागतात. धार लावताना कडेवर आलेला बारीक तारेसारखा काठ कात्री जोडून सावकाश एकदा मिटली की निघून जातो. तो कागदाने पुसून घ्या, पुढच्या कोंबडीत जायला नको.